हमी ही दुकानदाराची मेहेरबानी नव्हे
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलून झाले, कर्जावर बोलून झाले. आता आम्ही जो विषय मांडणार आहोत तो ऐकायला किरकोळ वाटेल. विषय आहे नव्या फवारणी पंपाचा. दुकानातून कोरा करकरीत बॅटरीचा पंप आणला, दोन-चार फवारण्या झाल्या आणि तो बंद पडला किंवा गळायला लागला, तर करायचे काय?

गावोगावच्या बैठकांत हा प्रश्न आम्ही विचारतो तेव्हा उत्तर ठरलेले असते. "काय करणार? दुकानदार म्हणतो कंपनीकडे पाठवतो. महिना झाला, पंप दुकानातच पडून आहे. शेवटी दुसरा घेतला." म्हणजे एका पंपाची गरज, पैसे दोन पंपांचे. आणि हमीचे कार्ड? ते खोक्याबरोबर चुलीत गेले.

दोन-तीन हजारांच्या वस्तूसाठी एवढी चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पण नुकसान पंपाच्या किमतीएवढेच असते का? कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडले, किंवा शंभरात दहा बोंडे किडकी निघाली, की गुलाबी बोंडअळी नुकसानीच्या पातळीवर आली असे शास्त्र सांगते. त्यानंतर अळी आपल्या पंपाच्या दुरुस्तीची वाट पाहत नाही. एकदा ती बोंडात शिरली की वरून कितीही औषध मारा, तिच्यापर्यंत ते पोचत नाही. पंप आठ दिवस दुकानात पडून राहिला तर त्या आठ दिवसांची किंमत कुठल्याच हमीपत्रावर छापलेली नसते. ती कपाशीत वसूल होते.

दुसरी गोष्ट जिवाची. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. त्याची कारणे अनेक होती. उंच वाढलेली कपाशी, औषधांची मिसळ, अंगावर संरक्षक कपडे नसणे, आणि जोराचा फवारा मारणारे नवे पंप यांचीही त्या वेळी चर्चा झाली. औषध तोंडावाटेच अंगात जाते असे नाही, कातडीतूनही जाते. टाकीचे झाकण गळते तेव्हा पाठ भिजते. खटक्यापाशी गळते तेव्हा हात भिजतो. म्हणून गळका पंप ही नुसती गैरसोय नाही. "आजचा दिवस काढून घेऊ, उद्या बघू" असे गळक्या पंपाबाबत कोणी म्हणू नये.

आपल्या मालाचा न्याय, त्यांच्या मालाचा न्याय

आपण कापूस घेऊन सीसीआयच्या केंद्रावर जातो तेव्हा काय होते? ओल मोजायचे यंत्र बोंद्रीत खुपसले जाते. ओल आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव. त्यावर बारा टक्क्यांपर्यंत कपात. बाराच्या वर गेली तर गाडी परत. खासगी व्यापाऱ्याकडे तर मोजमापही नसते, त्याने मूठभर कापूस हातात घेऊन नाक मुरडले की भाव उतरला. म्हणजे आपल्या मालात दोष निघाला तर त्याची किंमत त्याच जागी, त्याच मिनिटाला, आपल्याकडून वसूल होते.

आता उलट बाजू पाहा. तोच शेतकरी त्याच आठवड्यात पंप विकत घेतो. त्या मालात दोष निघाला तर कोण कपात करते? कोण गाडी परत पाठवते? उलट शेतकऱ्यालाच विचारले जाते, "तुम्ही नीट वापरला नसेल." विकताना दोष आपला आणि विकत घेतानाही दोष आपलाच, हा कुठला बाजार?

हमी म्हणजे काय ते समजून घ्या. कारखानदार पंपाची किंमत ठरवतो तेव्हा शंभरातले किती पंप परत येतील, त्यांच्या दुरुस्तीला किती खर्च लागेल, याचा हिशेब त्यात धरलेला असतो. तो खर्च आपण पंप घेतानाच देऊन बसलो आहोत. म्हणून हमीत पंप दुरुस्त करून मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे, आधीच भरलेल्या पैशाचा माल उचलणे आहे. जो मागत नाही तो स्वतःचे पैसे सोडून देतो, आणि ते कुठे जातात हे सांगायला नको.

आपण का मागत नाही?

कारण उधारी. कृषी सेवा केंद्रात बियाणे, खत, औषध हंगामभर उधार चालते. त्याच दुकानातून पंप घेतलेला असतो. जोराने बोलावे तर पुढच्या पोत्याला दुकानदार हात आखडता घेईल ही भीती. आणि उधारीचा माल म्हणून पक्के बिलही मिळालेले नसते, पाठकोऱ्या कागदावर आकडा लिहून दिलेला असतो.

इथे कायदा काय सांगतो ते लक्षात ठेवा. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि जुलै २०२० पासून तो लागू आहे. या कायद्यात रोख पैसे देणारा जसा ग्राहक, तसाच पैसे देण्याचे कबूल करून किंवा काही रक्कम देऊन उरलेली नंतर देणारा हाही ग्राहक. म्हणजे उधारीवर घेणारा शेतकरी पूर्ण ग्राहक आहे. बिल न देणे ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिगाडी माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. तेव्हा बिलाच्या खाली "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे छापलेले असेल तर घाबरू नका. ते वाक्य दुकानदाराने छापले आहे, संसदेने नाही.

"शेती हा धंदा आहे, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही" असेही काही जण सांगतात. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून करायच्या कामाला घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूतून वगळली आहे. आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांच्या बियाण्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये शेतकरी हा ग्राहक आहे हे स्पष्ट केले. बियाणे तपासणीला प्रयोगशाळेत का दिले नाही, असा कंपनीचा बचाव होता. पेरणाऱ्याने दोष निघेल असे धरून आधीच थोडे बियाणे बाजूला काढून ठेवावे अशी अपेक्षा करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. बियाणे पेरले की संपते, पंप मात्र हातात उरतो. म्हणजे पंपवाल्याची बाजू त्याहून भक्कम आहे.

आधी आपली बाजू तपासा

पण भावांनो, खोटी तक्रार करू नका. दहा खोट्या तक्रारींमुळे अकरावी खरी तक्रार मारली जाते. दुकानात जाण्याआधी पंप तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवा आणि पाणी भरूनच तपासा. औषध भरलेला पंप कधीही मिस्त्रीपुढे ठेवू नका, तोही कोणाचा तरी बाप आहे.

मोटर चालते पण फवारा येत नाही, तर आधी टाकीतली आणि खटक्याजवळची गाळणी काढून धुवा, मग नोझल पाहा. नोझलमध्ये तार घालू नका, तोंडाने फुंकू तर मुळीच नका. मऊ ब्रशने साफ करा. खटका सोडला की मोटर थांबते, तो बिघाड नाही, दाब पुरेसा झाला की कळ आपोआप मोटर बंद करते. पण खटका दाबलेला असताना मोटर टक-टक करत चालू-बंद होत असेल आणि नोझल साफ असेल, तर दोष दाबाच्या कळीत असू शकतो. तो हमीचा विषय.

फवारा मंद असेल तर बॅटरी पूर्ण भरून पुन्हा पाहा. उतरलेली बॅटरी उन्हाळाभर माळ्यावर तशीच टाकली तर ती मरते, आणि त्याला कंपनी जबाबदार नाही. हंगाम नसतानाही महिन्यातून एकदा बॅटरी भरून ठेवा. पण नव्या पंपाची बॅटरी पहिल्याच महिन्यात एक टाकी संपायच्या आत उतरत असेल तर तो आपला हलगर्जीपणा नाही.

आणि एक काम पंप आणल्या दिवशीच करा. बॅटरी पूर्ण भरा, टाकीत साधे पाणी घ्या, मोजपात्रात एक मिनिट फवारा धरा आणि किती पाणी आले ते तारखेसह हमीच्या कार्डावर लिहा. समजा मिनिटाला ६०० मिलि आले. सोळा लिटरची टाकी सत्तावीस मिनिटांत रिकामी होईल. पुढे त्याच नोझलने ४०० मिलि येऊ लागले तर त्याच टाकीला चाळीस मिनिटे लागतील. कपाशी मोठी असताना एकरी दहा टाक्या धरल्या तरी एकरामागे दोन तासांहून जास्त मजुरी वाढली. "फवारा कमी वाटतो" असे म्हटले तर दुकानदार हसतो. "पहिल्या दिवशी ६००, आज ४००" असे म्हटले तर त्याला उत्तर द्यावे लागते.

तपासून झाले आणि दोष पंपाचाच निघाला, तर तिथे थांबा. मोटरचे आवरण खोलू नका, सील तोडू नका, गावातल्या मिस्त्रीकडून वायर जोडून घेऊ नका. सील तुटले की कंपनीला हमी नाकारायला निमित्त मिळते. मोबाइल असेल तर गळती आणि फवारा यांचे चित्रण करून ठेवा.

अकरा पंपांची गोष्ट

आमच्या कामाच्या भागातील एका गावात अकरा जणांनी एकाच दुकानातून, एकाच आठवड्यात, एकाच बनावटीचे पंप घेतले. दुसऱ्या-तिसऱ्या फवारणीला सगळ्यांचे पंप खटक्याच्या सांध्यात गळू लागले. एकेकटे गेले तेव्हा प्रत्येकाला एकच उत्तर मिळाले, "वायसर हमीत येत नाही, वीस रुपयांचा वायसर टाका." वायसर टाकला, दोन दिवसांनी पुन्हा गळती.

मग आम्ही बसून अकराही पंपांचे क्रमांक कागदावर मांडले. क्रमांक लागोपाठचे निघाले. वायसर एकाचा खराब असू शकतो, अकरा जणांचा एकाच जागी एकाच महिन्यात कसा होईल? सांध्याचा साचाच बिघडलेला होता. बाजाराच्या दिवशी अकरा जण अकरा पंप धुऊन दुकानापुढे उभे राहिले. घोषणा नाही, आरडाओरड नाही. दुकानदाराने तिथूनच वितरकाला फोन लावला. सात जणांकडे पक्के बिल आणि शिक्का मारलेले कार्ड होते. त्यांना त्या आठवड्यात नवे पंप मिळाले. चौघांकडे चिठ्ठ्या होत्या. त्यांचे पंप क्रमांक जुळवून, पत्रे लिहून, दोन महिन्यांनी बदलून मिळाले. तोवर हंगाम निघून गेला होता. सात आणि चार यांच्यात फरक होता तो एका कागदाचा.

क्रमाने काय करायचे

पंप घेताना खोके दुकानातच उघडा. साधे पाणी भरून चालवून पाहा. बिलावर आपले नाव, पंपाची बनावट, क्रमांक आणि तारीख घ्या. हमीच्या कार्डावर दुकानाचा शिक्का आणि सही घ्या. मोटरला किती महिने, बॅटरीला किती, चार्जरला किती, हे वाचून घ्या, वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. खोक्यावर बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक आहे. ज्या खोक्यावर ते नाही तो पंप शंभर रुपये स्वस्त असला तरी घेऊ नका. बिघडल्यावर त्याला शोधायचे कुठे? सरकारी योजनेतून अनुदानावर घेतलेल्या पंपालाही हमी असते, म्हणून अनुदानाच्या कागदांबरोबर बिल देताना त्याची एक प्रत घरी ठेवा.

बिघडल्यावर पंप दुकानात ठेवाल तर पोच घ्या. त्यावर तारीख, पंपाचा क्रमांक, तक्रार आणि केव्हा परत देणार ते लिहून घ्या. पोच देत नसेल तर पंप ठेवू नका.

ठरल्या दिवशी काम झाले नाही तर दुकानदार आणि कंपनी दोघांनाही पत्र टाका. पत्र लांबलचक नको. इतके पुरे:

"मी अमुक तारखेला, अमुक बिलाने, अमुक क्रमांकाचा पंप घेतला. अमुक तारखेपासून त्यात पुढील दोष आहे. अमुक तारखेला तो दुकानात दाखवला. हमीची मुदत अमुक तारखेपर्यंत आहे. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पंप विनामूल्य दुरुस्त करून किंवा बदलून द्यावा, अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल."

बिलाची आणि कार्डाची नक्कल जोडा. मूळ कागद कोणालाही देऊ नका. पत्र स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

त्यानेही हलले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा. बऱ्याच कंपन्या इथपर्यंत आल्या की मार्गावर येतात. नाही आल्या तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, पैसे परत करणे आणि नुकसानभरपाई हे चारही आदेश आयोग देऊ शकतो. दोष पाहून कळण्यासारखा नसेल तर वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेता येते. वस्तू लेखी हमीप्रमाणे नसेल आणि तिच्यामुळे इजा झाली, तर "आमचा निष्काळजीपणा नव्हता" एवढे म्हणून बनवणाऱ्याची सुटका होत नाही.

वेळ लागतो, हे आम्ही लपवत नाही. तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत, निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा पडतात. म्हणूनच एकट्याने जाऊ नका. सारख्याच तक्रारीचे अनेक ग्राहक असतील तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एक तक्रार करता येते. एका पंपासाठी कंपनी हलत नाही, पण अकरा पंपांचे क्रमांक एका कागदावर दिसले की तिचा हिशेब बदलतो.

मोठ्या यंत्रांनाही हेच लागू

ज्वारीचे मळणी यंत्र, विहिरीवरची मोटर, ट्रॅक्टर, यांना हाच क्रम लागू आहे. यंत्र जितके मोठे तितके आपण विकणाऱ्याच्या मिस्त्रीवर जास्त अवलंबून. अमेरिकेतल्या शेकडो एकरांच्या धन्यालाही हे चुकलेले नाही. तिथल्या नव्या ट्रॅक्टरांत संगणक बसवलेले असतात, कंपनीची कळ लावल्याशिवाय बिघाड उघडत नाही, आणि कापणी अडून बसते. त्याविरुद्ध तिथले शेतकरी वर्षानुवर्षे भांडले. २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याने शेती यंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. माहितीपुस्तिका, सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने शेतकऱ्याला मिळालीच पाहिजेत असे तो सांगतो. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत शेती यंत्रे आहेत. हमीची मुदत संपल्यावर सुटा भाग मिळेल का, तालुक्याला मिळेल की फक्त मोठ्या शहरात, हे यंत्र घेतानाच विचारा. ज्याचा वायसर मिळत नाही ते यंत्र पहिल्या बिघाडालाच भंगार होते.

आता कामाचे. कपाशीची पहिली फवारणी यायच्या आत प्रत्येक गावशाखेने एक दिवस ठरवावा. गावातले सगळे पंप एका जागी आणावेत, स्वच्छ पाण्याने चालवून पाहावेत आणि गळके बाजूला काढावेत. एका वहीत नाव, बनावट, क्रमांक, बिलाची तारीख आणि मिनिटाचे माप लिहावे. बिल आणि कार्ड घरी सांभाळायचे काम मायबहिणींनी हातात घ्यावे, त्यांच्या डब्यातला कागद हरवत नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने ती वही बरोबर आणावी. कुठल्या बनावटीचे किती पंप कुठे बिघडले हे सगळ्या वह्या एकत्र ठेवल्या की दिसेल. मग कोणत्या कंपनीला पत्र लिहायचे हे आपण त्याच बैठकीत ठरवू.